देवडीतली सतरंजी

घर बांधून झाले की बैठकीच्या खोलीत काय टाकायचे यावर घरात आठ-आठ दिवस खल चालतो. सोफा कोणता, पडदे कोणते, पाहुण्यांना काय आवडेल, सगळ्याचा विचार होतो. मात्र बाहेरच्या दारापासून आतपर्यंत जाणारी जी अरुंद वाट असते, तिच्यावर काय अंथरायचे हा प्रश्न अगदी शेवटी येतो. तोवर खिसा रिकामा झालेला असतो आणि बाजारात जे स्वस्त दिसेल ते उचलून आणले जाते. या वाटेला जुन्या वाड्यांत देवडी म्हणत. उर्दूत ती ड्योढी. आता फ्लॅट स्कीममध्ये तिचा पॅसेज झाला आहे. नाव बदलले तरी काम बदललेले नाही. बाहेरून आलेला माणूस जोडे काढून पहिले पाऊल टाकतो ते तिथेच. वजू करून ओल्या पायांनी घरातली माणसे जातात ती तिथूनच. काळ्या मातीच्या आमच्या मुलखात शेतावरचा चिखल घरात शिरतो तोही तिथूनच. घरातल्या कोणत्याही बिछायतीपेक्षा अधिक पाय सोसणारी बिछायत ही देवडीतली असते आणि तिच्या निवडीकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

गालिच्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तो बहुतेक बादशहांचा, सरदारांचा आणि आता युरोपातल्या संग्रहालयांचा इतिहास आहे. आम्हाला येथे जो इतिहास मांडायचा आहे तो त्या गालिच्याच्या कडेला पडलेल्या लांबट, अरुंद पट्टीचा आहे. तो आमच्या वऱ्हाडाच्या कापसाशी आणि आमच्याच समाजातल्या पिंजाऱ्या-मोमिनांच्या हातांशी जोडलेला आहे, म्हणून तो सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आधी शब्दांकडे पाहू. माणसे निघून जातात, कापड जिरते, पण शब्द राहतात. मराठीत अंथरण्याच्या वस्तूंची नावे मोजायला बसलो तर सतरंजी, जाजम, गालिचा, जमखाना अशी यादी होते आणि यांतले बहुतेक शब्द फारसी-तुर्कीच्या वाटेने आलेले आहेत. बागेपासून बगीचा झाला तसा मोठ्या कालीनाचा लहान भाऊ तो गालिचा. 'फर्श' म्हणजे जे पसरले आहे ते. त्याच शब्दापासून आपल्या घरातली फरशी आली. शहाबादी दगडाला फरशी म्हणताना तो दगड नसून एकेकाळचे अंथरूण आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. फर्श पसरणारा तो फरास. हे आडनाव लावणारी मुसलमान कुटुंबे दक्षिण महाराष्ट्रात आजही आहेत. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीसमोरून रोज हजारो लोक जातात. पेशव्यांचे तंबू, राहुट्या, जाजमे, गालिचे ठेवण्याचे खाते म्हणजे फरासखाना. त्याचे नाव तेवढे उरले आहे.

देवडीत अंथरायच्या कापडाला तर स्वतंत्र शब्दच होता. तो म्हणजे पायंदाज, फारसीत पा-अंदाज. मोठा माणूस भेटीला आला की त्याच्या वाटेवर कापड पसरत, ते पायंदाज. दाराशी पाय पुसायला टाकलेले कापड, तेही पायंदाज. एकाच शब्दात मानही होता आणि पायपुसणेही होते. आज मराठीत पायपुसणे तेवढे राहिले, मान गेला.

आणि सतरंजी? पुष्कळांना वाटते, सात रंगांची म्हणून सतरंजी. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. उर्दूत हा शब्द शीन आणि तोय घालून लिहितात, शतरंजी. आमच्या वर्गातली मुले इमला लिहिताना हा शब्द हटकून चुकतात, आणि शतरंजशी त्याचे नाते सांगितले की पुन्हा चुकत नाहीत. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड्यांची ती शतरंजी. शतरंज म्हणजे संस्कृतातले चतुरंग. चतुरंग इराणला गेले, तेथून अरबांकडे गेले, शतरंज होऊन परत आले आणि आमच्या जमिनीवर अंथरले गेले. हा शब्द कोणाचा म्हणायचा? देशी की परदेशी? हिंदूंचा की मुसलमानांचा? ज्यांना अशा वाटण्या करायच्या आहेत त्यांनी आधी आपल्या घरातली सतरंजी गुंडाळून बाहेर ठेवावी.

आता त्या लांबट पट्टीकडे वळू. इराणी घरांत दिवाणखाना सजवण्याची एक जुनी रीत होती. मधोमध मोठा गालिचा, तो मियान-फर्श. त्याच्या डोक्याशी आडवा गालिचा, तो कल्लेगी. कल्ला म्हणजे डोके. तिथे घरधनी आणि मानाचे पाहुणे बसत. दोन्ही बाजूंना दोन लांब अरुंद पट्ट्या, त्यांचे नाव किनारा. नदीचा किनारा, साडीची किनार, तोच हा शब्द. किनाऱ्यावर इतर लोक बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पायही त्याच्यावरच पडत. आज मोठ्या शहरांतल्या दुकानांत 'रनर' म्हणून जी पट्टी विकली जाते ती हीच. म्हणजे बिछायतीवरूनच माणसाची पायरी ठरत होती. डोक्याशी कोण आणि किनाऱ्याला कोण हे न बोलता कळत होते.

हिंदुस्थानात अकबराच्या काळात या कामाला केवढे मोल होते ते आईन-ए-अकबरीवरून कळते. अबुल फजलने त्यात फर्राशखान्याचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. बादशहाने कसबी विणकर आणून वसवले. आग्रा, फत्तेपूर, लाहोर येथे कारखाने चालले. इराण-तुराणची गिलीमे लोक विसरले असे तो अभिमानाने नोंदवतो. शाही कारखान्यातले वीस गजांहून लांब असे एक गिलीम अठराशे दहा रुपयांत तयार झाले आणि जाणकारांनी त्याची किंमत दोन हजार सातशे पंधरा रुपये केली, असा हिशेबही त्याने दिला आहे. पण जाजम आणि शतरंजी यांच्यापाशी आल्यावर तो थांबतो. त्यांचे वर्णन करत बसलो तर फार वेळ जाईल, एवढ्यावर त्यांची बोळवण करतो. दरबारी गालिच्याला गज-तसूंचे माप मिळाले, सतरंजीला अर्धे वाक्य मिळाले. गरिबाच्या वस्तूचा इतिहास असाच अर्ध्या वाक्यात असतो, तो आपल्याला पुरा करावा लागतो.

त्याच आईनमध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत वाशीमचे, त्या वेळच्या बासीमचे, नाव आहे. वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म म्हणून राजधानी असलेले हे गाव पुढे कापडाचे गाव म्हणून ओळखले गेले. १७६९ मध्ये माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्या तहात इतर कलमांबरोबर एक कलम असे होते की, भोसल्यांनी दरसाल वाशीम आणि बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपयांचे कापड पेशव्यांना द्यावे. दोन राज्यांच्या तहात ज्या गावांच्या मागांचा उल्लेख होतो, त्या गावांत विणकरांची काय वस्ती असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. बाळापूर मुसलमान वस्तीचे, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे, किल्ल्याचे गाव. तेथल्या पागोट्यांची ख्याती होती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत अकोला आणि बाळापूर येथील सुती सतरंज्यांची खास नोंद आहे.

सतरंजी वऱ्हाडात रुजली याला कारण आहे ते आमच्या कापसात. येथला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. तलम मलमलीला तो चालत नसे, पण जाड, भरीव सूत काढायला उत्तम. सतरंजीला तेच लागते. पिंजारी कापूस पिंजून देत, घरोघरी सूत निघे, विणकर ते रंगवून मागावर चढवत. सतरंजीचा माग जमिनीलगत आडवा पसरलेला असतो. ताण्याचे धागे दोन दांड्यांमध्ये ताठ ताणलेले, आणि बाण्याचे सूत हाताने आडवे भरत जायचे. प्रत्येक ओळ भरली की पंजा नावाच्या लोखंडी फणीने ती ठोकून बसवायची. ठोकता ठोकता बाणा इतका दाट बसतो की ताणा दिसेनासा होतो. म्हणून सतरंजीला उलटी-सुलटी बाजू नसते. दोन्हीकडून तीच नक्षी, तोच रंग. एक बाजू मळली की उलटून टाकायची. गालिच्याला हे जमत नाही.

मग हा धंदा मोडला कसा? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडावर गेली. रेल्वे आली. उमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणून आमचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. पुढे विसाव्या शतकात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे झाली, तीही कापसासाठीच. ती आता बंद आहे. कापूस गाडीत बसून गेला आणि गिरणीचे कापड होऊन परत आले. शेतकऱ्याला चार दिवस बरा पैसा दिसला, विणकराच्या हातून मात्र सूतही गेले आणि गिऱ्हाईकही गेले.

दुसरा घाव तुरुंगांनी घातला. इंग्रज सरकारने कैद्यांना गालिचे आणि सतरंज्या विणायला बसवले. येरवडा, आग्रा, लाहोर येथल्या तुरुंगांचा माल विलायतेपर्यंत गेला. विंडसरच्या राजवाड्यातला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणलेला आहे. मजुरी न देता होणाऱ्या मालाशी मजुरीवर जगणारा विणकर कशी स्पर्धा करणार? जॉर्ज बर्डवुड या इंग्रज जाणकाराने १८८० मध्ये हिंदी कलाकुसरीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात तुरुंगातल्या मालाने देशी विणकामाचा घात केल्याची तक्रार आहे. महाराष्ट्राच्या कारागृहांत आजही सतरंज्या विणल्या जातात. सुटून बाहेर आल्यावर त्या माणसाला हा कसब पोटाला लावील असा माग गावात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

तरीही सर्वत्र अंधार झाला असे नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात वरंगळचे गालिचे गेले होते. वऱ्हाड तेव्हा वरंगळसारखेच निजामाच्या राज्यात होते. त्या वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना तर आमच्या वाचक भगिनींनी आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. तो मुसलमान बायका विणतात. विजापूरहून आलेल्या कुटुंबांनी ही कला जपली असे तिथे सांगतात. त्यांच्या नक्षीत सोंगट्यांचा पट असतो. शतरंजीत बुद्धिबळाचा पट आणि जमखान्यात सोंगट्यांचा, असा हा खेळ अंथरुणावर उतरला आहे. या जमखान्यालाही मानांकन आहे, पण विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. मानांकनाने नाव टिकते. हात टिकायला गिऱ्हाईक लागते.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दरबारात लांब पट्टी ही किनाऱ्यावरच्या माणसाची होती. पण तीच लांब पट्टी आणखी दोन ठिकाणी अंथरली गेली. एक मस्जिदीत. तिथे तिला सफ म्हणतात. सफ म्हणजे रांग. तिच्यावर जमीनदार आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. दुसरे ठिकाण शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या कितीतरी पिढ्या ज्या टाटपट्टीवर बसून अलिफ-बे आणि अ-आ शिकल्या, तीही लांब पट्टीच. तिला डोके नसते, किनारा नसतो. निकाहाच्या मांडवात, मय्यतीच्या घरी, ग्रामसभेत अंथरली जाते ती सतरंजीच. तिच्यावर जो येईल तो बसतो, जागा नसली तर बाकीचे सरकून घेतात. राजकारणात मात्र 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' असा शब्दप्रयोग रूढ झाला. सभा दुसऱ्याची, भाषण दुसऱ्याचे, अंथरायची आणि उचलायची ती आपण. आमच्या समाजातल्या तरुणांनी हे काम पुष्कळ केले आहे, म्हणून या शब्दातली बोच आम्हाला अधिक कळते.

असो. आता आपल्या देवडीकडे येऊ, कारण इतिहास वाचून निवड सुधारली नाही तर वाचण्याचा उपयोग काय?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कोणत्याही बाजारात आज दुकानदार आधी समोर टाकतो ती यंत्रावर झालेली प्लॅस्टिकच्या धाग्याची चटकदार पट्टी. तिला उगाच नावे ठेवणार नाही. ती स्वस्त असते, पाणी पीत नाही, डाग पुसता येतो. पण पायांखाली तिची लव लवकर बसते, आणि ज्या पट्टीच्या पाठीला रबराचा लेप असतो, तो लेप आमच्या उन्हाळ्यात काही वर्षांत भुकटी होऊन गळू लागतो. लोकरीचा गालिचा सुंदर, पण पावसाळ्यात ओल आणि कसर या दोन्हींपासून त्याला जपावे लागते. तागाची पट्टी ओल्या पायांना टिकत नाही. सुती सतरंजी धुता येते, उन्हात वाळवता येते, दोन्ही बाजूंनी वापरता येते. देवडीसाठी आम्ही तिलाच कौल देऊ.

तिच्यातही दोष आहेत. ती हलकी असल्याने गुळगुळीत टाइल्सवर सरकते. घरात म्हातारी माणसे असतील तर खाली रबराची जाळी टाकल्याशिवाय ती अंथरू नये. पहिल्या धुण्यात ती आटते, तेव्हा माप थोडे जास्तच घ्यावे. टोकांच्या लांब दशा पायात अडकतात, त्या आखूड गाठी मारून घ्याव्यात. रुंदी अशी असावी की दोन्ही भिंतींकडे चार-सहा बोटे फरशी दिसत राहील. दार तिच्यावरून अडखळल्याशिवाय उघडले पाहिजे, हे विकत घेण्याआधी पाहावे, नंतर नाही. सतरंजीचे पट्टे बहुधा आडवे असतात. अरुंद देवडी त्यामुळे रुंद भासते, ही तिची आणखी एक मेहेरबानी. रंग निळा, तपकिरी, राखाडी असा घ्यावा. काळी माती पांढऱ्या रंगावर दया करत नाही.

पारख करायची असेल तर पाठ उलटून पाहावी. दोन्हीकडे नक्षी सारखी नसेल तर ती हातविणीची सतरंजी नव्हे. ओला पांढरा रुमाल घासावा, रंग उतरला तर ठेवून द्यावी. एखादा सुटा धागा जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, प्लॅस्टिक वितळून त्याची कडक गोळी होते. मेहराब, गुंबद किंवा अक्षरे असलेली नक्षी देवडीत टाकू नये. ती जागा जानमाजची नाही, आणि जिच्यावर जोडे पडणार तिच्यावर ती नक्षी आपल्यालाच बघवणार नाही.

हाताने गाठी मारलेला गालिचा घ्यायचाच असेल तर एक चौकशी जरूर करावी. लहान बोटांनी गाठ बारीक बसते असे म्हणत भदोही-मिर्झापूरच्या मागांवर मुले बसवली गेली. त्यांतली कितीतरी मुले गरीब मुसलमान आणि दलित घरांतली होती. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९९४ च्या सुमारास रगमार्क ही खूण सुरू झाली, ती २००९ पासून गुडवीव्ह नावाने चालते. बालमजुरीशिवाय झालेल्या मालाला ती लावतात. आम्ही शिक्षक आहोत. हजेरीपटावर नाव असलेला मुलगा वर्गात नसतो, तेव्हा तो कुठेतरी कोणाचे तरी काम करत असतो हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या देवडीतली नक्षी त्याच्या गैरहजेरीची नसावी.

शेवटी एक विनंती. संस्थांच्या सतरंज्यांवर काठाला नाव आणि सन विणून घेण्याची जुनी पद्धत आहे. गावोगावच्या जमातखान्यांत, मस्जिदींच्या हुजऱ्यांत, शाळांच्या अडगळीत अशा सतरंज्या पडल्या आहेत. कोणावर दाते म्हणून कोणाच्या वडिलांचे नाव आहे, कोणावर हिजरी सन आहे. आमच्या समाजाचा इतिहास फक्त फर्मानांत आणि सनदांत नाही, तो या काठांवरही आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यापासून या सतरंज्या पोतेऱ्याला जाऊ लागल्या आहेत. टाकून देण्याआधी त्यांच्यावरचे नाव आणि सन वहीत उतरवून घ्या. कुठे विणली, कोणी विणली हे एखादा बुजुर्ग सांगू शकत असेल तर तेही लिहा, उर्दूत लिहा की मराठीत लिहा. अबुल फजलने जे अर्धे वाक्य सोडले, ते पुरे करण्याचे काम आता वाशीमच्या, बाळापूरच्या, कारंज्याच्या माणसांचे आहे.